आधी मोबाईल हिसकावू नको

अगं, तुझा फोन ठेवला तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. पोरगी जेवताना मान वर करत नाही, मोबाईल उपडा ठेवते, रात्री उशिरापर्यंत जागी असते आणि विचारलं की "काही नाही" म्हणते. भाऊजी म्हणतात, मोबाईलच काढून घेऊ. बाई, तेवढं करायच्या आधी माझं ऐक. दहावीचं वर्ष आहे, नुसता अभ्यासाचा ताणही असेल किंवा मैत्रिणीशी बिनसलं असेल. पण समजा कुणी तिला फोटोवरून धमकावत असेल, तर मोबाईल गेल्यावर ती तोंड उघडणारच नाही. धमकावणाऱ्याचा सगळा धंदा पोरांच्या एका भीतीवर चालतो: घरी कळलं तर काय होईल?

तुला जळगावचं १९९४ साल आठवतं का? तू लहान होतीस. मुलींचे फोटो काढायचे, चित्रण करायचं आणि ते दाखवायची धमकी देऊन त्यांना पुन्हा पुन्हा बोलवायचं, अशा तक्रारींनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. तपासाला अरविंद इनामदार, मीरां चढ्ढा-बोरवणकर यांच्यासारखे अधिकारी होते. तरी फार थोड्या मुली पुढे आल्या. कशा येणार? आपल्या आळीतच बघ ना, त्या वर्षी मुलींचे क्लास बंद झाले, मैत्रिणीकडे जाणं बंद झालं आणि आयांनी स्थळं बघायला घेतली. जिच्यावर अन्याय झाला, तिलाच घरात कोंडलं. भाऊजींच्या मनात वाईट काही नाही, पण मोबाईल हिसकावणं हे मला त्याच जातीचं वाटतं.

आता तर खरा फोटोसुद्धा लागत नाही. लग्नातला साधा फोटो इन्स्टाग्रामवरून उचलतात आणि एआयनं नको तसा बनवतात. मुलगेही यात अडकतात. अनोळखी मुलीच्या नावानं रिक्वेस्ट येते, गोड बोलणं होतं, मग व्हिडिओ कॉल, त्याचं रेकॉर्डिंग आणि लगेच पैशाची मागणी. वहिनीलाही सांग, तिच्या पोराशी बोलून ठेव म्हणावं. पोरगा आहे, त्याला काय होतंय, असं म्हणणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

पोरीनं सांगितलंच, तर तोंडून पहिलं काय निघायला हवं ते आत्ताच ठरव. आपली आजी म्हणायची तसं म्हण, "भिऊ नको, माले सांग." "तू फोटो पाठवलासच का?" हा प्रश्न त्या दिवशी नाही म्हणजे नाही. तिच्या शेजारी बस, तिचं पुरतं ऐकून घे, मधे रडायला लागू नकोस.

मग कामाला लागा. पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी वाढतच जाते. रागाच्या भरात चॅट पुसायचं नाही. समोरच्याचं अकाउंटचं नाव, त्याच्या प्रोफाइलची लिंक, नंबर, पैसे मागितलेला यूपीआय आयडी, तारीख-वेळ, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यायचे आणि मगच ब्लॉक करायचं. एक सांभाळा, तिचा तसा फोटो असेल तर तो मामाला, काकाला, कुणालाही "बघ रे" म्हणून पुढे पाठवायचा नाही. अठराच्या आतल्या मुलाचा तसा फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर मुलं आणि स्त्रियांच्या बाबतीतली तक्रार नाव न देताही करता येते, पण नाव दिलं तर पुढे काय झालं ते कळत राहतं. 'टेक इट डाऊन' नावाची एक मोफत सेवाही आहे. त्यात फोटो आपल्याच मोबाईलमध्ये राहतो, त्याचा सांकेतिक ठसा तेवढा जातो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या कंपन्या तो जुळवून फोटो काढतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोला मात्र तिचा उपयोग नाही.

पोलिसांचं नाव काढलं की भाऊजी म्हणतील, गावभर होईल. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे, आणि मुलाचं नाव उघड करायला त्यात बंदी आहे. जबाब घरीही घेता येतो. जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा आणि शक्यतो महिला अधिकारी असावी, असं कायद्यातच लिहिलंय. हे त्यांना नीट सांग.

आता मला सगळ्यात जास्त काळजी आहे ते बोलते. झोप उडाली, जेवण कमी झालं, आवडीचं काही नको झालं आणि हे दोन आठवडे चाललं, तर "वयच असं आहे" म्हणून सोडू नकोस. तिला सरळ विचार, "जीव नकोसा वाटतो का गं?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट पोर मोकळं होतं. हो म्हणाली तर तिला एकटी ठेवू नकोस. आणि कपाशीच्या फवारणीचं औषध मागच्या खोलीत पोत्यांशेजारी पडलेलं असतं ना, ते आजच घरातून हलव, कुलूप लाव आणि किल्ली कुठे आहे ते तिला कळू देऊ नकोस. खान्देशातल्या प्रत्येक शेतकरी घरानं हे करायला हवं, पोर हसतं-खेळतं असलं तरी.

१४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच. समोर बसून बोलायचं असेल तर धुळ्याला हिरे मेडिकल कॉलेज आहे, इकडे जळगावला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या मानसोपचार विभागात जायचं. लोक काय म्हणतील याची धास्ती असेल तर जळगावलाच या. केसपेपर मी काढून ठेवते.

भाऊजींशी आज रात्रीच बोल, पण पोरीसमोर नको. रात्री मोबाईल चार्जिंगला हॉलमध्ये लावायचा, असा नियम करायचाच असेल तर तो सगळ्या घराला असू दे, भाऊजींच्याही मोबाईलला. रविवारी मी येतेय. मी आले म्हणून तिला समोर बसवून "सांग मावशीला" असं मात्र करू नका. आम्ही दोघी पांझरा नदीकडे चक्कर मारून येऊ. बोलली तर ऐकेन, नाहीतर तो १४४१६ तिच्याच हातानं तिच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून घेईन.