मुक्या जिवांची बाजू

मनुष्य आणि पशू यांचा सहवास हजारो वर्षांचा आहे. बैलाने शेत नांगरले, घोड्याने ओझे वाहिले, गाईने दूध दिले, कुत्र्याने दाराची राखण केली. महाराष्ट्रातील शेतकरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतो. पोळ्याला पुरणपोळीचा घास भरवितो. ही कृतज्ञता खोटी नव्हे. परंतु वर्षभर जू ओढताना बैलाची संमती कोणी विचारीत नाही. मग हे नाते केवळ मायेचे, की न्यायाचेही?

सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याने पशूचे शरीर घड्याळासारखे यंत्र असून त्यात विचार करणारा आत्मा नाही, असे प्रतिपादन केले. हे खरे मानले, तर पशूच्या आक्रोशाला चाकाच्या करकरीहून अधिक अर्थ उरत नाही. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम याने निराळी कसोटी लावली. ज्याला वेदना जाणवते त्याचा विचार न्यायात झालाच पाहिजे, मग त्याला वाणी असो वा नसो, असे त्याचे मत होते. १८२२ साली ब्रिटिश संसदेने गुरांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध कायदा केला.

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७५ साली ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ हा ग्रंथ लिहिला. सारखी वेदना सारख्याच मोलाची मानावी. केवळ जात निराळी म्हणून ती दुर्लक्षिणे हा वर्णभेदासारखाच अन्याय होय, असे त्यांचे म्हणणे. यावर काही विद्वान आक्षेप घेतात, की ज्याला कर्तव्य कळत नाही त्याला हक्क कसा? त्यावर उत्तर मिळते, की तान्ह्या बाळालाही कर्तव्य कळत नाही. तरी त्याचा छळ कोणी योग्य मानीत नाही.

भारतात विख्यात नृत्यांगना व राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या कार्याचा पाठपुरावा केला. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. तरीही मतभेद संपले नाहीत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मनाई केली. बैल शर्यतीसाठी घडलेला प्राणी नाही. तो चाबकाच्या भयाने धावतो, असे प्राणिमित्रांचे म्हणणे होते. शर्यत ही परंपरा आहे, आम्ही बैल पोटच्या पोराप्रमाणे सांभाळतो व त्यामुळेच खिलारसारखी जात टिकते, असे शेतकऱ्यांचे उत्तर होते. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली.

दोन्ही बाजूंनी आपले म्हणणे मांडले. ज्याच्याविषयी हा वाद झाला, त्या बैलाला मात्र स्वतःची बाजू मांडता आली नाही. म्हणूनच ज्याच्या हाती कासरा आहे, त्याच्यावर जबाबदारी अधिक असते. मुक्या जिवाची भाषा त्याच्या डोळ्यांत, थरथरत्या अंगात आणि थकलेल्या पावलांत असते. ती वाचावयास शिकणे, हेच खऱ्या सुसंस्कृतपणाचे लक्षण होय.

शब्दार्थ : प्रतिपादन करणे – मत मांडणे, आक्रोश – मोठ्याने रडणे, कासरा – बैल हाकण्याची दोरी.

स्वाध्याय
१. देकार्त व बेंथम यांच्या विचारांतील फरक सांगा.
२. बैलगाडा शर्यतींविषयीच्या दोन्ही बाजू लिहा. तुम्हांला कोणती पटते व का?
३. ‘माया आहे, पण न्याय नाही’ असे एखादे उदाहरण आपल्या परिसरातून शोधा.