सईला पत्र

स्वारगेट, पुणे

चि. सई,


स्नेहसंमेलनातल्या तुझ्या नाचाची क्लिप कोणीतरी टर उडवत फिरवली आणि तू गाणंच बंद करायचं म्हणतेस, हे ताईकडून कळलं. त्याआधी पॉप गायिका दुआ लिपाचा दुसरा अल्बम ऐक. सलग, क्रमाने, मधे एकही मेसेज न बघता.

तिचा पहिला अल्बम २०१७ चा. 'न्यू रूल्स' गाजलं, पण एकूण ऐवज मला सुटासुटा वाटायचा. पुढच्याच वर्षी तिच्या नाचाची क्लिप जगभर फिरली आणि लोकांनी तिची यथेच्छ खिल्ली उडवली. त्यानंतर, २७ मार्च २०२० ला 'फ्युचर नॉस्टॅल्जिया' आला. आपल्याकडे तो टाळेबंदीचा तिसरा दिवस. स्टँडवरून एकही एसटी सुटत नव्हती, जेधे चौकात भरदुपारी सामसूम. मी खिडकीपाशी बसून अल्बम लावला आणि थक्क झाले. इतकी तयारी, इतका आत्मविश्वास तिच्याकडून अपेक्षितच नव्हता!

'डोन्ट स्टार्ट नाऊ'मधला बास ऐक. गाणं तोच ओढून नेतो. 'लव्ह अगेन'मध्ये १९३२ च्या एका रेकॉर्डमधला ट्रम्पेट आहे. जुनाट खरखरीतला तो सूर नव्या ठेक्यावर असा बसलाय की मी ते गाणं पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकलं. शेवटची दोन गाणी मला सैल वाटतात, पण आधीची नऊ एका दमाची आहेत. पुढच्या वर्षी या अल्बमला ग्रॅमीही मिळालं.

हसणाऱ्यांना उत्तरं देत बसण्यापेक्षा तिने रियाज वाढवला, आपल्याला काय आवडतं ते ठरवलं आणि जुनं डिस्को हाताशी घेतलं. २०२२ च्या दौऱ्यात तर ज्या स्टेपवर लोक हसले होते, तीच तिने मुद्दाम रंगमंचावर केली. २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबईत बीकेसीला आली, तेव्हा 'लेव्हिटेटिंग'ला आपल्या 'बादशाह' चित्रपटातलं गाणं जोडलं आणि अख्खं मैदान नाचलं.

तेव्हा तुझी पुढची गाणी आधीच्या व्हिडिओची भरपाई म्हणून करू नकोस. आजीकडून ऐकलेल्या ज्या ओव्या तू एकटी असताना गुणगुणतेस, त्या घे. ढोलकी लागली तर मी वादक शोधते. नाचाचा सराव रोज कर, ताल पायात मुरायला वेळ लागतो. कच्चं रेकॉर्डिंग झालं की मला पाठव, आवडलं नाही तर तसं स्पष्ट सांगेन.

तुझी,
मावशी