'संत पेत्राचा मासा' म्हणजे कोणता?



पवित्र भूमीची यात्रा करून आलेले भाविक गालील सरोवराच्या काठी जेवणात मिळालेल्या 'संत पेत्राच्या माशा'ची आठवण हमखास सांगतात. हे नाव त्या माशाला कसे पडले, ते या रविवारी आपण पाहू.

नावामागचा प्रसंग मत्तय १७:२४-२७ मध्ये आहे. मंदिराचा कर माणशी अर्धा शेकेल होता. तुमचे गुरुजी तो भरत नाहीत काय, असे कफर्णहूम येथे वसुली करणाऱ्यांनी पेत्राला विचारले. राजाचे पुत्र करातून मोकळे असतात, हे प्रभूने पेत्राला दाखवून दिले. पण कोणी अडखळू नये म्हणून त्याला सरोवरावर गळ टाकायला पाठवले. पहिल्याच माशाच्या तोंडात नाणे मिळणार होते, दोघांच्या कराला पुरेल एवढे.

यात्रेकरूंच्या ताटात येतो तो 'मुश्त'. हा अरबी शब्द, अर्थ कंगवा; पाठीवरच्या काटेरी पराला शोभणारा. आपल्याकडे भिगवणच्या बाजारात चिलापी मिळते, तिच्याच कुळातला हा मासा. तो पिल्लांना तोंडात सांभाळतो, म्हणून तोंडातल्या नाण्याची गोष्ट त्याला सहज चिकटली असावी.

अडचण गळाची आहे. मुश्त पाण्यातले सूक्ष्म जीव खातो, आमिषाकडे सहसा वळत नाही. तो जाळ्यानेच धरतात. गालीलकाठचे मच्छीमार-अभ्यासक मेंडेल नून यांच्या मते पेत्राचा मासा मिशा असलेल्या बार्बेल जातीचा असावा, आणि मुश्तला हे नाव यात्रेकरूंमुळे मिळाले. आम्हालाही हेच पटते. युरोपात तर हे नाव भलत्याच माशाला आहे! त्याच्या अंगावरचा काळा ठिपका म्हणजे पेत्राच्या अंगठ्याचा ठसा, असे तिकडचे लोक सांगतात. पण तो समुद्रातला. गालीलचे पाणी गोडे.

मग नाव चुकीचे तर प्रसंगही खोटा, असे कोणी म्हणेल. तसे होत नाही. मत्तयने माशाची जात लिहिलेलीच नाही. नाव नंतर लोकांनी जोडले. श्रद्धेने नाव जोडणे आपल्याला नवे नाही. गाव मोझरी, राष्ट्रसंतांच्या आश्रमाचे नाव गुरुकुंज. आज दोन्ही एका दमात उच्चारली जातात.

'चिलापी'ही दुरून आली. स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ अँड्र्यू स्मिथ यांनी १८४० मध्ये 'तिलापिया' हे नाव दिले, ते दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना भाषेतील शब्दावरून. त्या शब्दाचा अर्थ नुसता 'मासा'. हा मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला आणि मराठी तोंडी त्याची चिलापी झाली.

धर्मशिक्षणाच्या वर्गात हा उतारा आला की मुले माशाची जात विचारतीलच. शिक्षकांनी आधी शुभवर्तमानातल्या चार ओवी मुलांकडूनच वाचून घ्याव्यात, मग मुश्तची गोष्ट सांगावी.