शेजारच्या भाषेतील गोष्ट

सोलापूर हे एका भाषेचे शहर नाही. तेथील बाजारपेठेतून फेरफटका मारला, तर मराठीबरोबरच कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषा कानांवर पडतात. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कितीतरी घरांत कन्नड बोलली जाते. विणकामाच्या निमित्ताने तेलंगणातून येथे येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांनी आपली तेलुगू पिढ्यान्‌पिढ्या जतन केली आहे. ज्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेस सारे शहर लोटते, त्यांची बाराव्या शतकातील वचनेही कन्नड भाषेतच आहेत.

अशा गावात व्यवहारापुरती दुसरी भाषा माणूस सहज उचलतो. परंतु बाजारात भाव विचारण्याइतकी भाषा येणे निराळे आणि त्या भाषेतील कादंबरी वाचता येणे निराळे. म्हणूनच एका भिंतीपलीकडे राहणाऱ्या शेजाऱ्याचे सुखदुःख ज्या कथांतून व्यक्त झाले आहे, त्या कथा आपणांस ठाऊकही नसतात. ही भिंत ओलांडण्याचे काम अनुवादक करतो.

अनुवादामुळे लेखक किती दूरवर पोचतो, हे वि. स. खांडेकर यांच्या उदाहरणावरून दिसून येते. १९४१ साली सोलापूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या कादंबऱ्या का. श्री. श्री. या अनुवादकाने तमिळ भाषेत नेल्या आणि तमिळ वाचकांनी त्यांच्यावर आपल्याच लेखकाप्रमाणे प्रेम केले. खांडेकरांचे नाव सर्वांना माहीत आहे, का. श्री. श्री. यांचे नाव मात्र महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत असेल!

अनुवाद म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवणे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती किती अपुरी आहे, हे दोन साध्या शब्दांवरून कळेल. उत्तर कर्नाटकातील कथेत शेतकरी ज्वारीची ‘रोट्टी’ खातो. मराठीत कोणी ‘रोटी’ असे लिहिले, तर अक्षरे जुळतील, पण सोलापूरच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे भलताच पदार्थ उभा राहील. तेथे ‘भाकरी’ हाच शब्द हवा. तसाच कन्नडमधील ‘माव’ हा शब्द. त्याचा अर्थ मामा असा होतो, तसाच सासरा असाही होतो. कारण मामाच्या घरी मुलगी देण्याची चाल तिकडे जुनी आहे. मराठीत मात्र मामा की सासरा हे अनुवादकास ठरवावे लागते आणि ते ठरविण्यासाठी केवळ शब्द पाहून भागत नाही. त्या कुटुंबातील सारी नाती ध्यानात घ्यावी लागतात.

काही शब्द तर अनुवादकाची कसोटीच पाहतात. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर या गावी १९५६ साली जन्मलेल्या शरणकुमार लिंबाळे यांनी आपले आत्मकथन ‘अक्करमाशी’ या नावाने लिहिले. ते १९८४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखकाचे वय तिशीच्या आतच होते. एका तोळ्याचे बारा मासे होतात. बाराच्या जागी अकराच मासे भरले, तर ते सोने हिणकस ठरते. त्यावरून, पित्याचे नाव ज्याला लाभले नाही अशा मुलाला समाज ‘अक्करमाशी’ म्हणू लागला. माणसाला सोन्यासारखे तोलून कमी ठरविणाऱ्या समाजाची निष्ठुरता या एका शब्दात साठलेली आहे. सूर्यनारायण रणसुभे यांनी हिंदी अनुवादात हेच नाव कायम ठेवले. संतोष भूमकर यांचा इंग्रजी अनुवाद २००३ साली निघाला. त्याचे नाव ‘द आउटकास्ट’, म्हणजे जातीबाहेरचा, असे आहे. परक्या वाचकाला हे नाव चटकन कळते. परंतु त्यात तो तराजू आणि तो उणा मासा दिसत नाही. अनुवादात काही मिळते आणि काही गमवावे लागते. काय गमावले तर चालेल, याचा निर्णय चांगला अनुवादक विचारपूर्वक करतो.

या कामी चिकाटीही मोठी लागते. उमा कुलकर्णी यांनी अनेक कन्नड कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी मूळ कन्नड पुस्तक वाचून दाखवीत आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहीत. भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’ या कादंबरीच्या अनुवादाबद्दल त्यांना १९८९ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. विरूपाक्ष यांनीही मराठी पुस्तके कन्नडमध्ये नेली. एकाच घरातून दोन्ही दिशांना वाट मोकळी झाली.

तथापि, भैरप्पा किंवा खांडेकर यांच्यासारख्या ख्यातनाम लेखकांना अनुवादक मिळतो; नव्या लेखकाचे काय? त्याचे नाव परभाषिकांनी ऐकलेले नसते, म्हणून प्रकाशक कचरतो. आणि अनुवाद होत नाही, म्हणून नाव ऐकू येत नाही. हा पेच सर्वत्र आहे. तो सोडविण्यासाठी युरोपात २००९ पासून निरनिराळ्या देशांतील नवोदित कथाकारांना युरोपीय संघाचे साहित्य पारितोषिक दिले जाऊ लागले. त्यांची पुस्तके इतर भाषांत जावीत, हा त्यामागील एक हेतू होय. आपल्याकडे साहित्य अकादमीने २०११ पासून पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार सुरू केला. सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या जत तालुक्यातील नवनाथ गोरे यांना ‘फेसाटी’ या कादंबरीसाठी २०१८ साली हा पुरस्कार लाभला. पुरस्काराने लेखकाचे नाव दूरवर जाते. परंतु त्याची गोष्ट नेण्यास मात्र अनुवादकच हवा.

जुने ग्रंथ शेजाऱ्याचा काल सांगतात. नवे लेखक त्याचा आज सांगतात. तो आज ऐकावयाचा असेल, तर दोन भाषा मनापासून जाणणारी माणसे हवीत. ज्या मुलाच्या घरी कन्नड किंवा तेलुगू आणि शाळेत मराठी आहे, त्याच्यापाशी हे भांडवल जन्मतःच आहे. घरची भाषा ही लाज वाटून लपविण्याची वस्तू नव्हे. ज्याला दोन भाषा येतात, त्याला दोन घरांची दारे उघडता येतात. आणि तो इतरांनाही आत नेऊ शकतो.

अभ्यास

१. ‘रोट्टी’ आणि ‘माव’ या शब्दांचा अनुवाद करताना कोणती अडचण येते?
२. ‘अक्करमाशी’ या शब्दात समाजाची निष्ठुरता कशी साठली आहे, ते स्पष्ट करा.
३. नव्या लेखकांच्या पुस्तकांचे अनुवाद कमी का होतात?
४. तुमच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या दुसऱ्या भाषेतील एखादी गोष्ट ऐका व ती मराठीत लिहा. कोणत्या शब्दांपाशी तुम्ही अडलात, ते वर्गात सांगा.