पदवीनंतरचे अध्ययन

प्रश्न : आमच्या म्हशी पाहणारे डॉक्टर दोन दिवस प्रशिक्षणास गेले होते. पदवी मिळाल्यावर पुन्हा शिकणे कशाला? – एक वाचक, नृसिंहवाडी

उत्तर : गोठ्यात जनावर आजारी असता डॉक्टर गावी नसावेत, याचा उद्वेग स्वाभाविक आहे, परंतु लम्पी चर्मरोग या देशात 2019 साली प्रथम ओडिशात आढळला आणि 2022 मध्ये त्याने महाराष्ट्रातील गोधन ग्रासले, तेव्हा जुन्या सनदेच्या पशुवैद्यांना पूर्वी केवळ ग्रंथांत भेटलेला तो रोग प्रत्यक्ष ओळखण्यास आणि शेळ्यांच्या देवीवरील लस गायींना टोचण्यास नव्यानेच शिकावे लागले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या दोन दिवसांचे मोल कळेल. शिवाय केवळ पदवीनेही भागत नाही; 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमान्वये पशुवैद्याचे नाव परिषदेच्या नोंदवहीत दाखल असावे लागते. आपल्या राज्याची परिषद नागपुरास आहे. पदविकाधारकास, शासनाच्या आदेशाने, किरकोळ उपचारांची मुभा असते, तीही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. (दाखला पाहू मागितल्यास खरा वैद्य रागावत नाही.) आता आपल्या म्हशींविषयी : आपल्याकडे पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढते; म्हणून म्हशींना घटसर्पाची लस त्यापूर्वीच टोचून घ्यावी.