बेटावर गर्दी होते म्हणतात, पण नावेत किती बसतात? नवी नाव घेण्याआधीचा हिशेब



गेल्या काही दिवसांत चार-पाच जणांनी मला एकच गोष्ट विचारली. "भाऊ, हनुवंतियाला एवढे लोक येतात, ओंकारेश्वरला तर पाय ठेवायला जागा नसते. मग एक नाव पर्यटकांसाठी काढली तर?" एकाने तर बँकेतून कर्जाचा फॉर्मसुद्धा आणलाय. म्हणून आजचा धडा जाळ्याचा नाही आणि बीज सोडण्याचाही नाही. आजचा धडा मोजणीचा आहे.

आधी हनुवंतिया घेऊ. इंदिरा सागर धरणाचा पाया 23 ऑक्टोबर 1984 ला घातला गेला. 2004 च्या पावसाळ्यात हरसूद गाव उठलं आणि पुढे जलाशय भरला. साठवणीच्या हिशेबाने हा देशातला सर्वांत मोठा जलाशय आहे. पाणी चढलं तशी कितीतरी टेकड्यांची बेटं झाली. पण हनुवंतिया, ज्याला आपण 'टापू' म्हणतो, तिथे तुम्ही गाडीने थेट जाता. तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूने डांबरी रस्ता. फेब्रुवारी 2016 मध्ये पहिला जल महोत्सव झाला, तंबू लागले, मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा तिथल्या क्रूझवर झाली. तेव्हापासून नाव गाजलं. लोक येतात यात शंका नाही. पण येतात ते स्वतःच्या गाडीने, राहतात पर्यटन महामंडळाच्या कॉटेजमध्ये किंवा महोत्सवाच्या तंबूत, आणि पाण्यावर जातात ते तिथल्याच ठेक्याच्या बोटीतून. आपल्या नावेची गरज त्यांना कुठे पडते, सांगा बघू?

आता मांधाता. ओंकारेश्वरचं ज्योतिर्लिंग ज्या बेटावर आहे ते हे बेट. इंदूरहून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. हे खरंखुरं बेट, चारी बाजूंनी नर्मदा आणि कावेरीचं पाणी (ही आपल्याकडची कावेरी, दक्षिणेतली नव्हे). इथली गर्दी सरकारने तयार केलेली नाही, शेकडो वर्षांची आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये उज्जैनला महाकाल लोक सुरू झालं, सप्टेंबर 2023 मध्ये इथे शंकराचार्यांची 108 फुटी मूर्ती उभी राहिली, आणि उज्जैनला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वर करूनच परत जाऊ लागला. 2028 ला सिंहस्थ आहे, तेव्हा गर्दी आणखी वाढणार. पण इथेही पूल आहेत. यात्रेकरू पुलावरून चालत जातो, दर्शन घेतो, परत येतो. नावेत बसणं ही त्याची हौस, गरज नव्हे. शिवाय घाटावर पिढ्यान्‌पिढ्या नाव चालवणारे केवट आहेतच. त्यांच्या ओळीत आपण नवीन नाव घेऊन उभे राहिलो तर काय होईल हे सांगायला नको.

उलट कोकणात बघा. मुरुडचा जंजिरा, मालवणचा सिंधुदुर्ग, मुंबईची घारापुरी. तिघांनाही पूल नाही. किल्ला किंवा लेणी बघायची तर प्रत्येकाला होडीत नाहीतर लाँचमध्ये बसावंच लागतं. राजपुरीहून शिडाच्या होड्या जंजिऱ्याला जातात, त्यावर कित्येक घरं चालतात. तिथे शंभर पर्यटक आले म्हणजे शंभर प्रवासी. आपल्याकडे शंभर आले म्हणजे किती प्रवासी, हाच खरा प्रश्न आहे. "बेटावर खूप पर्यटक येतात का" हा नाही.

आता आकडे. हे माझे समजुतीसाठी घेतलेले आकडे आहेत, कुठल्या खात्याचे नाहीत. समजा एका बेटावर वर्षाला 1,00,000 माणसं येतात. ऐकायला केवढं वाटतं! त्यातले 70,000 महोत्सव, दिवाळी आणि सुट्या मिळून 60 दिवसांत येतात. उरले 30,000 आणि उरले 305 दिवस. म्हणजे दिवसाला शंभरही नाहीत. त्यातला चौथा हिस्सा नावेत बसला तर पंचवीस. घाटावर दहा नावा असल्या तर एका नावेला दिवसाला दोन किंवा तीन माणसं. सकाळपासून ऊन खात बसायचं आणि दोन माणसं घेऊन फेरी मारायची, की भरायची वाट बघायची?

पूर्ण वर्षाचं धरलं तर 1,00,000 चा चौथा हिस्सा 25,000, दहा नावांत वाटले तर एका नावेला 2,500. डोई 100 रुपये धरले तर वर्षाचे अडीच लाख. यातून डिझेल, मदतनीस, डागडुजी, परवाना, विमा आणि कर्जाचा हप्ता. आणि या अडीच लाखांतले पावणेदोन लाख फक्त 60 दिवसांत यायचेत. त्या 60 दिवसांत इंजिन बिघडलं की वर्ष गेलं. तुमच्या घाटाचे खरे आकडे घाला आणि हेच गणित परत करा.

काही जण म्हणतात, 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते, तेव्हा नाव रिकामीच असते, तेवढे दोन महिने पर्यटक फिरवू. विचार चांगला आहे, पण पाऊस आपल्याला विचारून येत नाही. ओंकारेश्वरला श्रावणात गर्दी असते खरी (इथला श्रावण आपल्या मराठी श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, हे इंदूरच्या मराठी घरांना सांगायला नको), पण तेव्हाच नर्मदा फुगलेली असते आणि नावा बंद ठेवाव्या लागतात. कोकणातसुद्धा जंजिरा आणि सिंधुदुर्गाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. त्यामुळे जे दोन महिने रिकामे, नेमक्या त्याच दोन महिन्यांत हाही धंदा बसलेला.

धरणाखालच्या पाण्याचा तर भरवसाच नाही. 7 एप्रिल 2005 ला देवास जिल्ह्यात धाराजीच्या मेळ्यात अमावस्येच्या स्नानाला आलेली माणसं वरून सोडलेल्या पाण्यात वाहून गेली. पन्नासहून जास्त जीव गेले. तेव्हा ना पाऊस होता, ना पूर. म्हणून धरणाखाली प्रवासी घेऊन जाणाऱ्याला पाणी सोडण्याची वेळ ठाऊक असलीच पाहिजे.

कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती लोक विसरतात. सप्टेंबर 2023 मध्ये हरित लवादाने भोपाळचा मोठा तलाव, नर्मदा आणि प्रदेशातल्या इतर पाणथळ जागांवर क्रूझ व इंजिनाच्या बोटींवर बंदीचा आदेश दिला. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. म्हणून इंजिनाची नाव बुक करण्याआधी तुमच्या पाण्याला काय लागू आहे ते जिल्हा कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी "चालतंय हो" यावर एक रुपया घालू नका. तसंच मासेमारीच्या नावेत प्रवासी बसवले तर आपला मच्छीमार अपघात विमा (मृत्यूला 5 लाख) आपल्यासाठीच आहे, प्रवाशासाठी नाही. प्रवाशाचा वेगळा विमा, नावेची नोंदणी आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट, याशिवाय एकही माणूस बसवायचा नाही. डिसेंबर 2024 मध्ये घारापुरीला निघालेल्या लाँचला धडक बसून तेराहून जास्त माणसं गेली. ती तर नेहमीच्या वाटेवरची मोठी लाँच होती.

मग यात आपल्यासाठी काहीच नाही का? आहे, पण नावेत नाही. आलेला माणूस जेवतो. हनुवंतियाच्या रस्त्यावर रोहू, कटला विकत घेणारे ढाबे आहेत. ओंकारेश्वरला मासळीचं नावही काढू नका, ते तीर्थ आहे. फक्त इंदिरा सागरची मासळी मत्स्य महासंघाच्या अखत्यारीत येते, म्हणून ढाब्याला थेट द्यायची की नाही हे आधी विचारून घ्यायचं. मला विचाराल तर कर्ज काढून दुसरी नाव घेण्यापेक्षा बर्फाची पेटी आणि वजनकाटा घेऊन दोन ढाबे बांधून घेणं परवडेल.

ज्यांना तरीही नाव काढायचीच आहे त्यांनी एवढं करावं. एक वही घ्या. महोत्सवातला एक दिवस, साधा मंगळवार किंवा बुधवार एक, आणि उन्हाळ्यातला एक, असे तीन दिवस घाटावर बसा. किती माणसं आली ते नका लिहू. किती माणसं नावेत चढली तेवढंच लिहा, आणि किती नावा उभ्या होत्या ते. वही घेऊन संस्थेच्या कार्यालयात या, हप्त्याचा हिशेब आपण बसून मांडू. कर्जाचा फॉर्म तोपर्यंत माझ्या टेबलावरच राहील.

– सचिव