शोकाच्या दिवसांत मोबाईलचा कॅमेरा

आप्ताच्या निधनानंतर झोप व भूक बिघडणे, कामात लक्ष न लागणे हा आजार नव्हे. तो शोक आहे. मन वारंवार त्या शेवटच्या दिवसांकडे जाते. दिवसातून एकदा मोबाईलने एखादे छायाचित्र काढून पाहावे. तेवढा वेळ ते समोरच्या वस्तूवर टेकते. ओट्यावरचा वाफाळता चहा, तुळशीवर पडलेले तिरपे ऊन, गेलेल्या व्यक्तीचा चष्माही चालेल. प्रकाश कोठून येतो ते आधी न्याहाळावे, मग बटण दाबावे. चित्र अस्पष्ट आले तरी बिघडत नाही. ते कोणास पाठविण्याची सक्ती नाही. मात्र घरच्यांना दाखविल्यास गेलेल्या माणसाविषयी बोलणे निघते, आणि अनेक घरांत तेच अडलेले असते. रात्री अंथरुणात जुनी छायाचित्रे तासन्‌तास चाळणे मात्र टाळावे. झोप आणखी दुरावते. ती पाहवत नसतील, तर पुसू नयेत. विश्वासातल्या माणसाकडे जपण्यास द्यावीत.

सहा महिन्यांनंतरही शोक तितकाच तीव्र राहून नित्याची कामे होत नसतील, तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे वाटल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते.